डोंगरवाटेवरील सांघिक सायकल शर्यत : नियम आणि त्यांचे मर्म

पुणे-बंगळूर महामार्गावरील पेठ नाक्यानजीक एका हिवाळ्यात, पहाटेच्या सुमारास, प्रस्तुत लेखक चहासाठी थांबला असता एक सायकलस्वार समोरून गेला. त्याच्या मागोमाग मंद गतीने, पिवळे दिवे लुकलुकवीत एक मोटार चालली होती. मोटारीवर संघाचे नाव रंगविलेले होते. ते वाचून चहावाल्याने विचारले, "साहेब, संघ म्हणत्यात, मग बाकीची कुठं हायती?" बाकीचे त्या मोटारीतच झोपलेले होते! परंतु प्रश्न मार्मिक होता. एका वेळी एकच जण सायकल चालवीत असेल, तर ती शर्यत सांघिक कशी? आणि चौघे एकाच वेळी चालवीत असतील, तर विजय कोणाचा मानावयाचा? सांघिक दमश्वासाच्या शर्यतींचे सर्व नियम या दोन प्रश्नांच्या उत्तरांतून निर्माण झालेले आहेत.

सातारा व सांगली जिल्ह्यांना हा विषय परका राहिलेला नाही. पुणे ते गोवा अशी सुमारे ६४० किलोमीटरची 'डेक्कन क्लिफहँगर' ही शर्यत साताऱ्याच्या भूमीतून जाते व तीत एकेकट्या स्वारांबरोबर संघही भाग घेतात. यवतेश्वर घाटातून धावणारी सातारा हिल मॅरेथॉन २०१२ पासून होत असल्यामुळे घाटरस्त्यावर हजारो स्पर्धकांची व्यवस्था लावण्याचा अनुभवही येथे आहे. माउंटन बाइक या नावाने ओळखली जाणारी, रुंद व खाचदार धावांची डोंगरी सायकल आता तालुक्याच्या गावीही दिसू लागली आहे. तेव्हा उद्या एखादे मंडळ शर्यतीचा अर्ज घेऊन ग्रामपंचायतीकडे आल्यास सरपंचांनी, शिक्षकांनी व स्थानिक अधिकाऱ्यांनी नेमके काय तपासावे, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

संघ मोजण्याच्या पद्धती

सर्वांत सोपी पद्धत पाळीपाळीची. चार जणांचा संघ असतो. वाटेवर एका वेळी एकच जण. त्याची फेरी किंवा पाळी संपली की ठरवून दिलेल्या पट्ट्यातच तो पुढच्याला सूत्रे देतो. पट्ट्याबाहेर झालेला बदल ग्राह्य धरला जात नाही. अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात १९९२ मध्ये डोंगरी सायकलींची चोवीस तासांची शर्यत या पद्धतीने सुरू झाली आणि पुढे अनेक देशांनी तिचे अनुकरण केले. चोवीस तासांत जो संघ अधिक फेऱ्या पूर्ण करील तो विजयी. येथे वादाचे मूळ एकच असते. वेळ संपण्यापूर्वी सुरू झालेली, पण वेळ संपल्यावर पुरी झालेली फेरी धरावयाची की नाही? कोणताही निर्णय चालेल. मात्र तो शर्यतीपूर्वी लेखी असला पाहिजे. आपल्याकडील कितीतरी क्रीडास्पर्धांची भांडणे नियम नसल्यामुळे नव्हे, तर नियम नंतर आठवल्यामुळे होतात.

पाळीची हीच पद्धत लांब पल्ल्याच्या रस्त्यावरील शर्यतींतही वापरतात. अमेरिका खंड पश्चिमेकडून पूर्वेकडे ओलांडणारी, सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत १९८२ पासून भरते. नाशिकच्या डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ती ८ दिवस १४ तास ५५ मिनिटांत पूर्ण केली. संघांसाठी मुदत नऊ दिवसांची असते. म्हणजे हाती उरले होते अवघे नऊ तास. अशा शर्यतीत झोप, जेवण आणि दुरुस्ती यांचा हिशेब सायकल चालविण्याइतकाच महत्त्वाचा ठरतो व तो हिशेब मागच्या मोटारीतील सहायक मंडळी ठेवतात.

दुसरी पद्धत एकत्र धावण्याची. ऑलिंपिकमध्ये १९६० ते १९९२ या काळात रस्त्यावरील सुमारे १०० किलोमीटरची चौघांची सांघिक वेळ-शर्यत होत असे. संघाची वेळ पहिल्या स्वारावर नव्हे, तिसऱ्या स्वारावर धरली जाई. त्यामुळे पहिल्या दोघांनी कितीही वेग घेतला तरी तिसरा पोहोचेपर्यंत घड्याळ चालूच राही. मग बलवान स्वार पुढे राहून वारा अंगावर घेई आणि थकलेला त्याच्या आडोशाने चाले. एका साध्या नियमाने खेळाडूंचे वर्तन किती बदलते, याचे याहून चांगले उदाहरण शारीरिक शिक्षणाच्या तासाला सापडणार नाही.

डोंगरवाटेवर ही कल्पना आणखी कठोर झाली. दक्षिण आफ्रिकेत २००४ पासून होणाऱ्या 'केप एपिक' या आठ दिवसांच्या शर्यतीत दोघांची जोडी असते. दोघांमधील अंतर दोन मिनिटांपेक्षा अधिक होता कामा नये. चौक्यांवर व अंतिम रेषेवर ते तपासले जाते व नियम मोडल्यास जोडीच्या वेळेत एक तासाची भर पडते. पुन्हा तोच अपराध घडल्यास जोडी बाद होते. जोडीदाराने शर्यत सोडली, तर उरलेला स्वार पुढे जाऊ शकतो, परंतु त्याला क्रमांक मिळत नाही. वरकरणी हे अन्यायाचे वाटते. परंतु डोंगरात एकटा पडलेला, हाड मोडलेला अथवा पाणी संपलेला माणूस प्रथम कोणाला दिसणार? पंच तर दहा किलोमीटर मागे असतात. दोन मिनिटांच्या नियमामुळे प्रत्येकाजवळ एक साक्षीदार आणि एक मदतनीस सदैव राहतो. हा नियम आपल्याकडील प्रत्येक डोंगरी शर्यतीत असावा, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे. शालेय गटासाठी तर दोन मिनिटांऐवजी 'नजरेच्या टप्प्यात' असा शब्दप्रयोग करावा.

बाहेरच्यांच्या मदतीबाबतचा नियमही नीट वाचला पाहिजे. सामान्यतः जोडीदाराने जोडीदाराला हवेचा पंप, नळी अथवा अवजार दिलेले चालते. प्रेक्षकाने दिलेले चालत नाही. आपल्या गावांत पाहुण्याला पाणी नाकारणे हा विचारच नाही. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी दरवर्षी लोणंद, तरडगाव, फलटण या मार्गाने जाते, तेव्हा वाटेवरची गावे वारकऱ्यांसाठी काय करतात हे सांगावयास नको. म्हणूनच पाणी कोठे व कोणी द्यावयाचे हे संयोजकांनी गावास आधी सांगावे आणि अधिकृत पाणवठ्याचे काम शक्य तेथे गावाकडेच सोपवावे. अन्यथा एखाद्या माउलीने प्रेमाने पुढे केलेला तांब्या स्पर्धकाला दंड करावयाचा!

वाट कोणती असावी

येथे खरा प्रश्न सुरू होतो. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीची मुख्य रांग व बामणोलीचे डोंगर आहेत. वाईहून पाचगणीस पसरणी घाटाने चढताना सुमारे बारा किलोमीटरांत जवळजवळ ६०० मीटरची उंची गाठावी लागते. सांगली जिल्ह्यात शिराळा तालुक्याचा पश्चिम भाग डोंगराळ आहे, तर मिरजेजवळ दंडोबाचा डोंगर आहे. नकाशावर पाहणाऱ्याला प्रत्येक सडा आणि प्रत्येक पायवाट सायकलीसाठीच निर्माण झाल्यासारखी वाटते. वस्तुस्थिती तशी नाही.

कासचे पठार २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. तेथील जांभ्यावर मातीचा थर अत्यंत पातळ असून त्यावरच फुलांचे सर्व वैभव उभे असते. शंभर सायकलींची खाचदार चाके ओल्या सड्यावरून गेली, तर माती उखडून पाण्याचे नवे ओहळ तयार होतात व पुढील हंगामात तेथे खडकच दिसतो. कास, कासाणी, एकीव, आटाळी या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्यांनी पर्यटकांच्या संख्येवर बंधने आणून हे पठार सांभाळले आहे. त्यांच्या संमतीवाचून तेथे शर्यतीचा विचारही करू नये. शर्यत घाटाच्या डांबरी रस्त्यावरच ठेवावी.

कोयना अभयारण्य व चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. कडेगाव तालुक्यात देवराष्ट्रे गावाजवळ, म्हणजे यशवंतराव चव्हाण यांच्या जन्मगावाशेजारी, सागरेश्वर अभयारण्य आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये अशा क्षेत्रांत परवान्यावाचून प्रवेश करता येत नाही. इतर वनक्षेत्रातील वाटेसाठीही वन विभागाची पूर्वपरवानगी घ्यावी लागते. संयोजकांनी दाखविलेल्या नकाशावर या सीमा आखलेल्या नसतील, तर अर्ज तेथेच परत करणे योग्य होय. उरते ती गावरस्त्यांची, पाणंदींची व कालव्याकाठच्या वाटांची जाळी. ती कमी नाही. फक्त पाणंद ही बांधावरच्या शेतकऱ्याची वहिवाट असते, याचे भान राखून प्रत्येक खातेदारास दिवस व वेळ कळविली पाहिजे.

आणखी एक गोष्ट शहरातील संयोजकांच्या ध्यानात सहसा येत नाही. शर्यतीसाठी सोयीचे महिने म्हणजे नोव्हेंबर ते फेब्रुवारी. नेमका हाच ऊस गाळपाचा हंगाम. कराड, वाळवा, शिराळा या तालुक्यांत रात्रभर ट्रॅक्टरमागे दोन दोन ट्रॉल्या जोडून ऊस कारखान्याकडे जात असतो. मागे लाल परावर्तक नसलेली, रस्त्याकडेला उभी असलेली ट्रॉली अंधारात दिसत नाही. बैलगाड्यांचे तळ रस्त्यालगतच असतात. त्यामुळे रात्रीचा टप्पा ठेवावयाचा असल्यास परिसरातील साखर कारखान्याच्या शेतकी विभागाकडून वाहतुकीचे मार्ग समजून घ्यावेत, पोलीस ठाण्याशी बोलावे आणि सायकलीस पुढे पांढरा व मागे लाल दिवा अनिवार्य करावा. पाटण व शिराळ्याच्या पश्चिम भागात गवे व बिबट्यांचा वावर असल्याने तेथे सूर्यास्तानंतर शर्यत नसावी, हे उत्तम.

चौकीवरील नोंदवही

नियम कितीही चांगले असले तरी त्यांची अंमलबजावणी चौकीवर बसलेल्या माणसावर अवलंबून असते. हे काम गावातील शिक्षक उत्तम करू शकतात. नोंदवहीत संघ क्रमांक, पहिल्या स्वाराची वेळ, दुसऱ्या स्वाराची वेळ आणि दोहोंतील फरक असे चार रकाने आखावेत. केवळ 'जोडी गेली' अशी नोंद करू नये. तंटा झाल्यास ती निरुपयोगी ठरते. शर्यत सोडणाऱ्याने जवळच्या चौकीवर येऊन सही करावी, हा नियम शर्यतीपूर्वीच्या सभेत मोठ्याने वाचून दाखवावा. कारण न सांगता घरी निघून गेलेल्या एका स्वारासाठी रात्रभर डोंगर धुंडाळण्याची पाळी गावकऱ्यांवरच येते. शेवटच्या संघामागून संयोजकांचा एक स्वार वाटेवरील खुणेच्या फिती व कागद गोळा करीत येतो. तो चौकीवरून गेला आणि पुढील चौकीने सर्व क्रमांक मिळाल्याचा निरोप दूरध्वनीने दिला, की मगच नोंदवही बंद करून तीवर वेळ घालावी.