ट्रॅम्पोलिनवर एका वेळी एकच!

आजचा भाग थोडा जड मनानं रेकॉर्ड करतोय. मागच्या दिवाळीत कामठीला आत्याकडं गेलो होतो. नातवंडांसाठी तिनं ऑनलाइन ट्रॅम्पोलिन मागवून सांदवाडीत लावलं होतं. चार वर्षांची भाची म्हणाली, "मामा, तू पण ये ना!" मी चढलो. बाजूनं जाळी होती, म्हटलं काय होते बाप्पा! पाच मिनिटांत ती रडत खाली बसली. बाहेर पडली नव्हती, कशाला आपटली नव्हती. तरी गुडघ्याखालचं हाड मोडलं होतं.

असं कसं झालं? माझं वजन 70 किलो, तिचं 15. मी दाबलेली मॅट जोरात वर येत होती आणि नेमकी तेव्हाच ती खाली येत होती. मऊ वाटणारी मॅट त्या क्षणी तिच्या पायाला फरशीसारखी लागली. म्हणजे जाळी बाहेर पडण्यापासून वाचवते, आतल्या धक्क्यापासून नाही.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं, अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सनं, 2012 मध्ये हेच सांगितलं होतं: सुमारे 75 टक्के दुखापती एकापेक्षा जास्त जण उड्या मारत असताना होतात, आणि जास्त लागतं ते सगळ्यात लहान पोराला. घरी ट्रॅम्पोलिन नकोच, असा त्यांचा सल्ला आहे. 2000 पासून हा ऑलिम्पिकमधला खेळ आहे हे खरं, पण तिथं प्रशिक्षक असतो.

तरीही घरी असेलच, तर एवढं पाळा:

एका वेळी एकच जण. सहा वर्षांखालच्यांना चढूच देऊ नका.

कोलांटउडी नाही. मानेवर पडलं तर आयुष्यभराचं नुकसान होऊ शकतं.

जमीन सपाट हवी. आसपास भिंत, तुळशीवृंदावन, धुण्याचा दगड, कपड्यांची तार नको. गच्चीवर तर मुळीच नको.

स्प्रिंगांवरची गादी आणि जाळी दर वेळी तपासा. आपल्याकडच्या उन्हात दोन्ही लवकर कुजतात. मे महिन्यात दुपारी मॅट तापते आणि पावसात निसरडी होते, तेव्हा खेळ बंद.

मोठं माणूस जवळ उभं हवं, मोबाइल खिशात ठेवून. खेळ संपला की शिडी काढून घ्या.

आणि लागलंच तर? चोळू नका, ओढू नका, घरीच हाड बसवायला जाऊ नका. पाय आहे तसा आधार देऊन स्थिर ठेवा आणि डॉक्टरकडं न्या. मान किंवा पाठ दुखत असेल तर पोराला हलवू नका, 108 ला फोन करा.

भाचीचं प्लास्टर निघालं, आता ती पळते. पण परवा फोनवर म्हणाली, "मामा, आता तू खालीच उभा राहा हं." हौ बाई, खालीच उभा राहीन!

हा भाग घरच्या ग्रुपवर नक्की टाका. भेटू पुढच्या भागात!