बोलण्याआधीचे महिने

चार्ल्स डार्विनचा थोरला मुलगा विल्यम एक वर्षाचा झाला, तेव्हा त्यानं खाण्यासाठी एक शब्द काढला: 'मम्'. भूक लागली की रडायचं सोडून तो 'मम्' म्हणू लागला. मग साखर झाली 'शु-मम्'. पुढे 'ब्लॅक' हा शब्द कळला आणि ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळीचं नाव पडलं 'ब्लॅक-शु-मम्'. एवढ्याशा जिवानं केलेला हा समास मला फार आवडतो. डार्विननं ही टिपणं 37 वर्षं वहीत ठेवली होती, ती 1877 साली 'माइंड' या नियतकालिकात छापली.

डार्विनच्या मते तो शब्द पोरानं स्वतः शोधला होता. मराठी घरात वाढलेल्या माणसाला मात्र तो ओळखीचा वाटेल, कारण आपण पिढ्यान् पिढ्या बाळाला 'मंमं' भरवत आलो आहोत. दूध ओढताना ओठ मिटलेले असतात, तेव्हा नाकातून निघणारा हुंकार 'म'च्या जवळचा असतो आणि भुकेशी त्याची सांगड तिथूनच पडते, असं रोमान याकबसन या भाषाशास्त्रज्ञानं सुचवलं होतं. आपल्या मंमं, भूभू, जोजो, भुर्र या बोलीकडे शास्त्रीय नजरेनं पाहिलं ते अशोक केळकरांनी. मराठी बाळबोलीवरचा त्यांचा इंग्रजी लेख 1964 साली 'वर्ड' या नियतकालिकात आला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसननं सहा भाषांतल्या बाळबोलींची तुलना केली, त्या सहांत मराठी होती. केळकरांचं नाव आपण समीक्षक म्हणून घेतो, पण बाळाच्या भाषेबद्दल बोलताना ते क्वचितच निघतं, याचं मला वाईट वाटतं.

डार्विनच्या टिपणात आणखी एक नोंद आहे, ती सहज नजरेतून निसटते. विल्यम सात महिन्यांचा असताना त्याच्या दाईचं नाव घेतलं की तो मान वळवून तिला शोधायचा. म्हणजे नाव कळलं सातव्या महिन्यात आणि पहिला शब्द आला बाराव्यात. मधले पाच महिने पोर गप्प होतं, पण रिकामं बसलेलं नव्हतं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आजी-आजोबांकडून वारंवार येणारा एक प्रश्न. नातू दोन वर्षांचा झाला, सांगितलेलं सगळं कळतं, पण बोलत नाही. शेजारची त्याच्याच वयाची मुलगी तर घडाघडा बोलते. मग घरात वेखंड उगाळायला घेतलं जातं आणि सुनेला दोन शब्द ऐकून घ्यावे लागतात.

अमेरिकेत लॅरी फेन्सन, एलिझाबेथ बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांकडून शब्दांच्या याद्या भरून घेतल्या. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत 1,800च्या वर मुलं होती. दोन वर्षांच्या मुलांमध्ये बरोबर मधोमध असणारं मूल सुमारे 300 शब्द बोलत होतं. पण कोणी शंभराच्या आत होतं, तर कोणी पाचशेच्या पलीकडे. 'दोन वर्षांचं मूल इतकं बोलतं' या तक्त्यातल्या ओळीमागे एवढी रुंदी दडलेली असते.

वेग वेगळा असला तरी वाट पुष्कळशी एकच असते, हे हार्वर्डच्या रॉजर ब्राउनमुळे कळलं. 1962 पासून त्याचा गट ॲडम, ईव्ह आणि सारा या तीन मुलांच्या घरी जाऊन त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करत होता. ईव्ह सव्वादोन वर्षांच्या सुमारास ज्या टप्प्यावर पोचली, तिथं यायला ॲडमला साडेतीन वर्षं लागली आणि साराला जवळजवळ चार. मात्र इंग्रजीतले प्रत्यय आणि साहाय्यक शब्द तिघांनी साधारण एकाच क्रमानं उचलले. आईवडील जे जास्त वेळा बोलतात ते आधी येतं, असंही दिसलं नाही.

गप्प महिन्यांत काय चाललेलं असतं, याचा माझा सर्वांत आवडता पुरावा आपल्या 'त' आणि 'ट' मध्ये आहे. कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी इंग्रजी घरातल्या बाळांना हिंदीतले हे दोन ध्वनी ऐकवले. ध्वनी बदलला की मान वळवायची, मग खेळणं हलताना दिसतं, असा तो प्रयोग होता. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला, पण दहा-बारा महिन्यांच्या फार थोड्यांना. हिंदी घरातल्या अकरा-बारा महिन्यांच्या बाळांचा कान मात्र शाबूत होता. हा शोध 1984 साली छापून आला. 'पात' आणि 'पाट' यांतला फरक परदेशात वाढलेल्या नातवंडाला का ऐकू येत नाही, त्याचं मूळ इथं आहे. पहिला शब्द फुटण्याआधीच बाळ घरातल्या भाषेचे ध्वनी निवडून ठेवत असतं.

पुढे नियमही तसेच वेचले जातात. ज्या घरात सगळे 'केलं' म्हणतात, तिथलं अडीच वर्षांचं पोर एके दिवशी 'मी करलं' म्हणतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. 'बसलं', 'पडलं' ऐकून त्यानं स्वतः नियम बसवलेला असतो. दिवसभर आईजवळ असलेला मुलगा 'मी जाते' म्हणतो, तेही असंच. अशा वेळी त्याला हसू नये, आपण 'केलं' म्हणत राहावं.

'बाळाला बोलायला शिकवणारे' व्हिडिओ विकणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 सालच्या प्रयोगात नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, सगळी मिळून सुमारे पाच तास. बाळांना चिनी ध्वनी कळू लागले. तीच माणसं दुसऱ्या बाळांना पडद्यावर तेवढाच वेळ दाखवली, तर काहीच शिकलं गेलं नाही. घरात दोन भाषा आहेत म्हणून एक बंद करा, हा सल्लाही चुकीचा आहे. दोन्ही भाषांतले शब्द मिळून मोजले, तर अशी मुलं मागे नसतात.

'आपापल्या वेगानं' म्हणजे डोळे मिटून थांबणं नव्हे. दोन वर्षांच्या मुलात मी आधी शब्द मोजणार नाही. नावानं हाक मारल्यावर वळतं का, हवं ते बोटानं दाखवतं का, 'चप्पल आण' म्हटलं की आणतं का, हे पाहीन. यातलं काही होत नसेल, आलेले शब्द गळून पडत असतील किंवा दोन वर्षांनंतरही 'बाबा ये' असे दोन शब्द जोडले जात नसतील, तर पुढच्या वाढदिवसाची वाट न पाहता बालरोगतज्ज्ञांकडे जावं. अंगणवाडीत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही सांगता येतं. सर्वांत आधी कान तपासून घ्यावेत. ताट वाजवल्यावर वळलं म्हणजे सगळं ऐकू येतं असं नसतं, कारण काही मुलांना मोठा आवाज ऐकू येतो, पण 'स' किंवा 'फ' येत नाही. बेरा नावाची तपासणी मूल झोपलेलं असताना होते. कपाळावर आणि कानामागे छोटे इलेक्ट्रोड लावतात, कानात टकटक आवाज सोडतात आणि श्रवणाच्या नसेतून मेंदूकडे जाणारे संकेत यंत्र टिपतं. मुलाला एक शब्दही बोलावा लागत नाही.