भीमगीतावर संगणकाचा खेळ

नगरच्या आमच्या वस्तीतली पोरे संगणकावर एक खेळ खेळतात. पडद्यावर बाण सरकत येतात. ते रेषेवर आले की नेमक्या ठोक्याला कळ दाबायची. जपानच्या कोनामी कंपनीने १९९८ साली असा पायांनी खेळायचा खेळ आणला. त्याच धर्तीवरचा 'स्टेपमेनिया' २००१ मध्ये निघाला, तो मोफत मिळतो. गाणी मात्र सगळी परकी! पण त्यात आपले गाणे घालता येते, हे कळले आणि आम्ही कपाट उघडले.

वस्तीच्या गायन पार्टीने जयंतीला गायलेल्या वामनदादा कर्डकांच्या गीताची एकच कॅसेट उरली आहे. गाणारे दोघेही आता नाहीत. ते गाणे संगणकात उतरवून खेळाच्या 'साँग्ज' फोल्डरात ठेवले. मग मिनिटाला ठोके किती आणि पहिला ठोका कितव्या सेकंदाला, हे आकडे भरायचे. इथेच घोडे अडले. पहिले कडवे जुळे, दुसऱ्यात बाण मागे पडत. आम्ही कारकून माणूस. आकडे तीनदा तपासले, चूक सापडेना.

शेवटी त्या पार्टीतल्या ढोलकीवाल्या बाबांना बोलावले. ऐकून ते हसले. "अरे, कोरस आला की आम्ही लय चढवायचो. घड्याळ लावून कोण वाजवतं?" मग बाबा बोट वर करतील तिथे वेगाचा नवा आकडा टाकायचा, असे चालले. चार संध्याकाळी त्यात गेल्या.

परवा बाबा स्वतः खेळायला बसले. डावी-उजवी कळ सारखी चुकत होती, ठोका मात्र एकदाही नाही.