यंत्राआधी भाषा!

यंत्र तयार नसताना त्याच्याशी बोलायची भाषा कोणी रचील का? जर्मन अभियंते कोनराड त्सूझे यांनी रचली!

तीच ती आकडेमोड करण्याचा त्यांना भारी कंटाळा. म्हणून १९३६ साली बर्लिनमध्ये आईवडिलांच्या घरातच ते गणकयंत्र बांधू लागले. १९४१ मध्ये त्यांचे ‘झेड-३’ चालू झाले. त्यात सुमारे २,००० रिले, म्हणजे विजेने उघडझाप करणाऱ्या कळा होत्या. सारे गणित ० आणि १ या दोनच अंकांत! पण ‘असे असेल, तर तसे कर’ ही आज्ञा त्याला कळत नसे. १९४३ च्या बाँबहल्ल्यात ते नष्टही झाले.

युद्धाच्या अखेरीस त्सूझे आल्प्समधील एका खेड्यात आले. तेथे त्यांनी ‘प्लानकाल्क्यूल’ ही भाषा पूर्णत्वास नेली. तीत ‘जर–तर’ होते. बुद्धिबळाचे नियमही त्यांनी तीत मांडले. मात्र ते समग्र लेखन छापून यायला १९७२ साल उजाडले! त्सूझे उत्तम चित्रेही काढीत.

तुम्हीही करून पाहा: तीन संख्यांतील सर्वांत मोठी कशी शोधायची, त्याच्या पायऱ्या ‘जर–तर’ वापरून वहीत लिहा. मित्राला त्या तंतोतंत पाळायला सांगा. चूक कोठे आहे, ते लगेच कळेल!