इमारतीच्या विजेचा हिशेब संगणकावर : काही उपयुक्त सूचना

इमारत उभी राहण्यापूर्वीच तिला वर्षभरात किती वीज लागेल, याचा अंदाज संगणकावर काढता येतो. त्यासाठीचा 'एनर्जीप्लस' हा प्रोग्राम अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने २००१ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला. तो मोफत मिळतो. मात्र माहिती चुकीची भरली तर उत्तरही चुकीचे येते. त्यावरून गरजेपेक्षा मोठी वातानुकूलन यंत्रे घेतली गेली, तर भुर्दंड मालकाला बसतो. म्हणून या व्यवसायातील तरुणांनी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) हवामानाची फाईल त्याच शहराची घ्यावी. मुंबईच्या दमट हवेसाठी पुण्याची फाईल चालणार नाही.

२) प्रथम एकाच खोलीचा साधा नमुना चालवून पाहावा, मग बाकीच्या जोडाव्यात.

३) उत्तर दिशा तपासावी. पश्चिमेची काच चुकून उत्तरेला गेली, तर दुपारचे ऊन हिशेबातून गळते.

४) माणसे, दिवे व यंत्रे यांचे तास प्रत्यक्ष विचारून भरावेत.

५) प्रोग्राम शेवटपर्यंत चालला म्हणजे सर्व ठीक, असे समजू नये. 'ईआरआर' फाईल वाचावी व 'सीव्हिअर' म्हणून दाखवलेली चूक आधी दुरुस्त करावी.

६) एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर बचत काचेमुळे झाली की छतामुळे, हे कळत नाही.

इमारत जुनी असेल तर बारा महिन्यांची वीजबिले शेजारी ठेवून आकडे ताडून पाहावेत. वर्षाची बेरीज जुळूनही मे आणि जानेवारी जुळत नसतील, तर नमुन्यात खोट आहे. ती काढल्याशिवाय मालकाच्या हाती अहवाल देऊ नये.