थेंब खाली, उगम वर

ट्रकचं इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल टपकू लागलं की गॅरेजमध्ये निकाल लगेच लागतो : "मागचं ऑइल सील गेलं." ते बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवायचा, क्लच आणि फ्लायव्हील काढायचं. तोवर गाडी उभी, भाडं बुडालेलं. सगळं जोडून गाडी रस्त्यावर येते आणि थेंब पुन्हा तिथंच दिसतो. कारण सील बदललं गेलं, पण गळती शोधलीच गेली नव्हती.

टाटा कमिन्सचं '६ बीटी' इंजिन घ्या. सहा सिलिंडरचं, ५.९ लिटरचं हे इंजिन जमशेदपूरला बनलं आणि टाटाच्या कितीतरी ट्रकांत बसलं. मागच्या सीलच्या वर त्यात गळतीच्या अनेक जागा आहेत. बारा व्हॉल्व्हच्या जुन्या रचनेत प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर स्वतंत्र झाकण, त्याखाली स्वतंत्र पॅकिंग. फ्युएल पंपाच्या मागे, ब्लॉकच्या कुशीला टॅपेटचं लांब झाकण. जादा डिझेल परत नेणारा पाइप आणि त्याचे वॉशर. यांतल्या कुठूनही सुटलेला ओघळ ब्लॉकवरून उतरतो, वाऱ्याने मागे सरकतो आणि क्लच हाउसिंगच्या तळाशी टपकतो.

म्हणून जाणता मेस्त्री आधी द्रव ओळखतो. डिझेल पातळ, त्याचा वास लपत नाही. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प. कूलंट वाळलं की रंगीत किंवा पांढरट खपली धरतं. बीएस-६ ट्रकवर पांढरे स्फटिक दिसले तर ते युरियाच्या द्रावणाचे असू शकतात. वॉटर पंपाच्या बारीक छिद्रातून पाणी गळत असेल, तर आतलं सील गेल्याची ती सूचना असते. ते छिद्र बुजवणं म्हणजे बेअरिंगचा जीव घेणं. ट्रक तासन्‌तास उभ्या-उभ्या चालू ठेवला, तर सायलेन्सरच्या सांध्यातून काळा ओशट ओघळ येतो. ते अर्धवट जळलेलं डिझेल असतं, पण अनेकांना ती ऑइलची गळती वाटते.

मग इंजिन धुऊन कोरडं करायचं. संशयाच्या जागी पावडर मारायची, किंवा ऑइलमध्ये खास रंग मिसळून अतिनील दिव्याखाली पाहायचं. गाडी थोडी चालवायची आणि सर्वांत वरची, सर्वांत पुढची ओली जागा शोधायची. खालचं सगळं तिचंच असण्याची शक्यता अधिक.

जागा सापडली तरी कारण उरतंच. इंजिनाच्या आतला दाब बाहेर सोडणारा ब्रीदर तुंबला, किंवा पिस्टनच्या रिंगा झिजून जळालेला वायू खाली उतरू लागला, की तेलाच्या चेंबरमध्ये दाब साचतो आणि चांगलं पॅकिंगही तेल सोडतं. अशा वेळी नवं सीलही फार टिकत नाही. आणि खरोखर मागचंच सील गेलं असेल, तर '६ बीटी'चं टेफ्लॉनच्या ओठाचं सील कोरडंच बसवावं लागतं. सवयीने ऑइल लावून बसवलं, की ते गळतं.

ट्रकमालकांना एवढंच सांगणं आहे : गिअरबॉक्स उतरवण्याला होकार देण्यापूर्वी इंजिन धुऊन घ्या, ब्रीदर तपासून घ्या आणि मेस्त्रीला म्हणा, "थेंब नको, तो सुटतो ती जागा दाखवा." जो ती दाखवू शकतो, त्याच्याच हाती पाना द्या आणि त्या शोधाची मजुरीही आनंदाने द्या.