भरावभूमीतील कचऱ्याचे विघटन
भरावभूमीतील कचऱ्याचे विघटन : साचविलेल्या वा गाडलेल्या घरगुती कचऱ्यात सूक्ष्मजंतूंमुळे होणारा बदल. वरच्या थरात हवेच्या साहाय्याने अन्नांश लवकर कुजतो. खोल थरात ऑक्सिजन संपल्यावर विघटन मंदावते व मिथेन वायू निर्माण होतो. कोल्हापुरातील कसबा बावड्याच्या कचरा डेपोसारख्या ढिगांत तो आगीस पोषक ठरतो. झिरपणारे काळसर पाणी भूजल दूषित करू शकते. एकदाच वापरण्याच्या बाललंगोटातील (डायपर) लगदा कुजणारा असला, तरी प्लॅस्टिकचे आवरण व द्रवशोषक बहुवारिक दीर्घकाळ टिकतात. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाच्या उत्खननांत दशकांपूर्वीची वृत्तपत्रेही वाचता येण्याजोगी आढळली. गाडलेला कचरा नाहीसा होतोच असे नाही. म्हणून २०१६ च्या नियमांनी घरीच वर्गीकरण करणे व लंगोट गुंडाळून देणे बंधनकारक केले.